देवीच्या गळ्यातला लाल-पांढरा दोरा

कुडपणच्या ठमाबाईचं तोंड फटकळ, हे पोलादपूरच्या बाजारातसुद्धा ठाऊक आहे. ती लांबून येताना दिसली, की सुकी मासळी विकणारी बाई वाटा आधीच मोठा लावते. पण शिमगा जवळ आला की हीच ठमाबाई गप्प होते. ओट्यावर बसून वाती वळते, आणि वळता वळता वाटेकडं बघत राहते.

कारण शिमगा म्हणजे तिचा रितेश. गावदेवीची पालखी नाचवावी तर त्यानंच! ढोल घुमायला लागला की पोराच्या अंगात वारं शिरायचं. आपल्या दारात आला की पालखी आईसमोर अशी काही झुकवायचा, की ठमाबाईला वाटे देवीच वाकून विचारतेय, बरी हायेस ना गो? काय दिवस होते ते! दुसऱ्या दिवशी त्याचा सदरा धुवायला घेतला तर गुलालाचं लाल पाणी निघतच राहायचं, आणि ती त्याच्या नावानं बोटं मोडत धूत राहायची. ते लाल पाणी आठवलं की अजूनही तिचा जीव कासावीस होतो.

आता रितेश तिकडं रोमेनियात, पावाच्या कारखान्यात. गावातल्याच चंदूबरोबर गेला होता. यंदा दोघांचाही करार संपला. चंदू परत आला, रितेश मात्र फोनवर म्हणाला, "बघतो आये, अजून ठरवलं नाय."

झालं! ठमाबाईचं डोकं फिरलं. रितेश राहतो ती खोली व्हिओरिका नावाच्या एका म्हातारीची. ती त्याला जेवू घालते, ताप आला तर उशाशी बसते, आणि हा तिला तिकडच्या भाषेत आई म्हणतो, हे चंदू सांगून बसला होता.

"आई म्हणतो? आणि मी कोण, शेजारीण?" ठमाबाई कडाडली. "त्या सटवीनंच नादी लावलंय माझ्या पोराला!"

चंदूनं त्याच म्हातारीची भेट आणली होती. कागदात गुंडाळलेला, लाल आणि पांढरा पीळ घातलेला दोरा. "मार्च लागला की घालायचा म्हणे," एवढं बोलून तो सटकला. शिव्या खायला कोण थांबतंय! ठमाबाईनं दोरा निरखून पाहिला. पांढरा कापूस, त्यात कुंकवाचा रंग. गणपतीला घालतात तसलं वस्त्रच की हे! माणसाशी भांडण असलं तरी देवाशी कशाला? तिनं आंघोळ करून तो देव्हाऱ्यातल्या देवीच्या गळ्यात घातला आणि हळदकुंकू वाहिलं.

मार्च लागला तशी रितेशनं फोनवर तोंड दाखवलं. शेजारी ती म्हातारीही बसली होती.

"आये, हातात बांधलास काय गो दोरा?"

"हातात? देवीच्या गळ्यात हाय तो."

रितेश पोट धरून हसला. मग त्यानं समजावलं. तिकडं थंडी सरायला लागली की लोक हा दोरा एकमेकांना देतात, मनगटाला बांधतात. झाडं फुलली की मनात एक मागणं धरायचं आणि दोरा सोडून फांदीला बांधायचा. एका दोऱ्याला एकच मागणं. देवीची गोष्ट त्यानं म्हातारीलाही सांगितली. ती हसली नाही. डोक्याच्या रुमालानं तिनं डोळे टिपले.

"तिला सांग," ठमाबाई म्हणाली, "माझं मागणं एकच. माझ्या पोराला सोड म्हणावं!"

रितेशनं ते म्हातारीला सांगायचं टाळलं. पण म्हातारी सोडते होय? तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं. मग तिनं आपल्या मनगटाचा दोरा ठमाबाईला दाखवला आणि कितीतरी वेळ बोलत राहिली.

"काय म्हणते ती?"

"आये, तिचा पोरगा इटलीत हाय. कैक वर्सं घरी आला नाय. दरसाल ती त्याच्यासाठी मागणं धरते. यंदा तिनं तुझ्यासाठी धरलंय. मी तुझ्याकडं यावं म्हणून. मलाच तिला एकटीला टाकून निघवत नाय."

आपण तिला सटवी म्हटलं, हे आठवून ठमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवून ती चुलीपुढं बसली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा एकच धोशा. "तिकडचं झाड फुललं काय रे?" तर म्हणे, अजून बर्फ हाय. इकडं काटेसावर फुलून झडली, आंब्याला कैऱ्या धरल्या. शिमग्याची पालखी दारात आली, ती चंदूच्या खांद्यावरून. ठमाबाईनं देवीची ओटी भरली. मग वातीचा कापूस घेऊन बारीक दोरा वळला, अर्धा कुंकवाच्या पाण्यात भिजवला आणि पीळ घालून मनगटाला बांधला. आंब्याच्या एका फांदीला उशिराचा मोहोर दिसला, तेव्हा हात जोडून तो तिथं नेऊन बांधला.

"रितेश येऊ दे म्हणून काय गो काकी?" चंदूनं विचारलं.

"त्याच्यासाठी मागणारी बसलीय तिकडं," ठमाबाई म्हणाली. "हे तिच्या पोरासाठी."

पुढं एके दिवशी फोटो आला. पांढऱ्या फुलांनी भरलेलं झाड, फांदीला दोरा, आणि शेजारी म्हातारीचं मोकळं मनगट.

वैशाखात रितेश आला. खांद्यावरची बॅग अजून उतरवलीही नव्हती, तोच ठमाबाईनं दारातच विचारलं, "तिचा आला काय रे?"

"नाय, आये."

तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, त्याला पाणी दिलं. तो पाणी पिताना ती त्याला डोळे भरून बघत राहिली. मग कापसाची टोपली पुढ्यात ओढून ओट्यावर बसली.

"आतून देवाच्या कुंकवाचा करंडा आण," ती म्हणाली. "पुढच्या मार्चाचा दोरा वळाया घेते."