एका टाकीत साडेचारशे

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक काटेकाका म्हणतात, यात विशेष काही नाही. पण मोटरसायकल क्लबातली मंडळी ते नाव घेताना आवाज जरा खाली आणत. आठवडाभर हा माणूस दुकानादुकानांतून फिरायचा. सोनाराच्या काचेच्या पेटीतल्या तराजूपासून लाकडाच्या वखारीतल्या अजस्र काट्यापर्यंत सगळ्यांना ताळ्यावर आणायचा. त्याच्याकडच्या पितळी वजनांना तो बोट लावत नसे, चिमट्याने उचले. बोटांचा घामही वजनात धरला जातो, म्हणायचा. बायको म्हणायची, "या माणसाला मीठ वाढायचं म्हणजे परीक्षाच."

सुटीच्या दिवशी तो लांब पल्ल्याची मोटरसायकल काढायचा. पन्नाशीनंतर लागलेलं वेड. वेगाची हौस नव्हती. एका लिटरमध्ये गाडी किती जाते, एवढीच. टाकीवर बांधलेल्या पिशवीत एक वही आणि तिला दोऱ्याने अडकवलेली पेन्सिल. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, फिरून यायचं, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं जळलं. अट एकच होती: दोन्ही वेळा गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी पाहिजे. साइड स्टँडवर ती कलते, टाकीच्या एका कोपऱ्यात हवा अडकून राहते आणि टाकी भरली असं खोटंच वाटतं. क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तो हे पहिल्याच दिवशी ऐकवायचा. लेकीला तर पाढ्यांसारखं पाठ होतं.

आणि नेमकी तीच चूक त्याच्या हातून झाली.

क्लबाला पठार ओलांडायचं होतं. पठाराच्या अलीकडे एक पंप, पलीकडे एक, आणि मधे चारशे पंचवीस किलोमीटर वारा. टाकी पंधरा लिटरची. पुरेल की नाही हे सांगणार कोण? काटेकाका. त्याने पूर्ण सामान लादून तीनशे साठ किलोमीटरची फेरी मारली. परत आला तेव्हा घसा कोरडा पडला होता. पंपावर गाडी साइड स्टँडला लावली, "फुल करा," म्हणाला आणि नळाकडे गेला. तोंड पुसत आला तोवर पंपवाल्याने झाकण लावलं होतं.

"बारा लिटर, काका. काठोकाठ."

गाडी कललेली त्याला दिसली. त्याच डोळ्यांना मीटरवरचा बाराचा आकडाही दिसला. तीनशे साठ भागिले बारा, तीस. त्या गाडीने त्याला तीस कधी दिले नव्हते. त्याने पेन्सिल काढली आणि लिहून टाकलं.

क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी गॅरेजातल्या बोर्डावर स्वतः ब्रशने लाल अक्षरांत रंगवलं: एका टाकीत साडेचारशे. "काटेकाकांचा आकडा आहे हा," ते म्हणाले, "दगडावरची रेघ!" टाळ्या पडल्या. लेक मागे उभी होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि बापासारखीच, त्याच बनावटीची गाडी चालवायची. टाळ्या थांबल्या तरी ती वाजवत राहिली होती.

तिसऱ्या दिवशी एका वाण्याच्या दुकानात तो काटा बसवत होता. फळी तिरकी होती, पातळी दाखवणारा बुडबुडा एका बाजूला पळाला होता. तो सवयीने म्हणाला, "भाऊ, काटा कललेला असेल तर खोटंच बोलणार," आणि त्याच्या हातातला पान्हा थांबला.

"काय झालं?" वाणी म्हणाला.

"काही नाही. फळीखाली पुठ्ठा घाला."

घरी येऊन त्याने गाडी साइड स्टँडला लावली, टाकी काठोकाठ भरली, मग ती सरळ उभी केली. पेट्रोलची पातळी खाली गेली. मापाच्या भांड्याने तो ओतत राहिला. एक लिटर तीनशे मिली. म्हणजे त्या दिवशी गाडी बारा नव्हे, तेरा पॉइंट तीन लिटर प्यायली होती. म्हणजे लिटरला सत्तावीस. म्हणजे एका टाकीत चारशे पाच. पठार चारशे पंचवीस.

वहीत त्याने हे लिहिलं नाही. आत्ता कुठे कोण चाललंय, असं मनाशी म्हणाला. कोणी निघालं की सांगू. अशा गोष्टी पहिल्या दिवशी सांगितल्या तर चूक असतात, महिन्याने सांगितल्या तर लबाडी, आणि चौथ्या महिन्यात त्यांना काय म्हणतात हे शोधायला माणूस धजत नाही. बोर्डासमोरून जाताना तो हेल्मेट काढायचा नाही.

चौथ्या महिन्यात, सगळ्यांच्या आधी निघाली ती लेकच. रविवारी, एकटी.

आदल्या दिवशी ती अंगणात सामान बांधत होती. त्याने पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन आणून मागे पट्ट्याने आवळला. तिने तो सोडला.

"बाबा, हे कशाला? फुकटचं ओझं. ओझं वाढलं की मायलेज पडतं, कोण म्हणतं हे?"

"वरती वारा असतो अगं. असू दे."

"पंचवीस किलोमीटर शिल्लक राहतात तुमच्या हिशोबाने. का स्वतःच्याच आकड्यावर भरवसा नाही?" ती हसत होती.

तोंडापर्यंत आलेलं त्याने गिळलं. "तसं नाही गं," म्हणाला. कॅन पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवला. चार पावलं होती ती, पण त्याला फार वेळ लागला.

रविवारी सकाळी तिचा शेवटच्या पंपावरून फोन आला. "भरली बाबा. मधल्या स्टँडवर, हं! आता वर नेटवर्क नाही."

"थांब जरा," तो म्हणाला.

"काय?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

"सावकाश जा."

फोन बंद झाल्यावर तो भिंतीजवळच्या कॅनकडे बघत बसला. बायको दारात आली.

"काय झालंय?"

"कुठे काय."

"तुमचं 'कुठे काय' मला तीस वर्षं माहितीये. पोरीचं काही आहे का?"

तो उठला. कॅन बांधला, गाडी काढली. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही, फक्त पाण्याच्या दोन बाटल्या आणून त्याच्या पिशवीत कोंबल्या.

शेवटच्या पंपावर त्याने टाकी भरून घेतली. पठारावर सावली नव्हती. वारा समोरून. तो एकसारख्या वेगाने चालला होता आणि मैलाचा प्रत्येक दगड त्याला आकडा सांगत होता. तीनशे. तीनशे ऐंशी. ती दिसली नाही तर बरं, असं त्याला वाटत होतं. ती पोचली असेल, आपलं नंतरचं मोजमापच चुकलं असेल, आपण खोटे ठरलेलो नसू. आणि हे वाटणं किती हलकट आहे हेही कळत होतं. लेकीपेक्षा स्वतःची सुटकाच त्याला आधी सुचली होती.

चारशे तिसऱ्या किलोमीटरला ती दगडावर बसली होती. गाडी शेजारी, चेहरा उन्हाने रापलेला, ओठ पांढरे. त्याला बघून ती उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला, शाळेतल्या मुलाचा पडावा तसा.

"बाबा, तुम्ही कसे? ...सॉरी हं. माझाच हात जड आहे. फार पिळते मी ॲक्सिलरेटर. तुमचा आकडा वाया घालवला."

त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तिने एका दमात निम्मी संपवली.

"किती वेळ झाला?"

"दोन तास. एक ट्रक आला होता. ट्रकवाला म्हणाला, ताई, माझं डिझेल, तुझ्या गाडीला चालणार नाही. मग त्याने त्याचं पाणी दिलं." ती हसली. मग वही दाखवली. बापाची बघून तिनेही तशीच ठेवली होती, दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीसकट. त्यात लिहिलं होतं: चूक माझी. हात हलका करायला शिकणे.

तिथे तरी बोलायला हवं होतं. त्याने कॅनमधलं पेट्रोल दोन्ही गाड्यांत वाटून घातलं. थोडं टाकीवर सांडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पलीकडच्या पंपावर पोचल्यावर त्याने तिची गाडी साइड स्टँडला लावली.

"बाबा, सरळ नको?"

"नको. भरा हो, फुल करा."

पंपवाल्याने भरली. "झाली फुल."

त्याने गाडी मागून उचलून मधल्या स्टँडवर घेतली. टाकीतली पातळी खाली गेली. "आता पुन्हा भरा," तो म्हणाला. मीटर एक पॉइंट तीनवर थांबला. तिने मीटरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. गणिताच्या बाईला कागद लागला नाही.

"तुमच्या टेस्टच्या दिवशी गाडी कशी होती?"

"अशीच. कललेली."

"कधी कळलं?"

"मोजलं तिसऱ्या दिवशी. दिसलं त्याच दिवशी होतं."

"आणि काल मी कॅन काढला तेव्हा?"

त्याने टाकीचं झाकण लावलं.

"सकाळी फोनवर?"

पंपवाला उगाच नळी पुसत राहिला. तिने वही काढून त्याच्यापुढे धरली. "हे वाक्य माझं नाही. खोडा."

त्याने खोडलं. पेन्सिलचं टोक कागदात रुतलं.

"बोर्डाचं काय?"

"मी सांगतो."

"सगळे असतील तेव्हा," ती म्हणाली, आणि हेल्मेट घातलं.

पुढच्या बैठकीला तो स्टुलावर चढला. लाल रंग निघेना, म्हणून त्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: चारशे पाच. मागून डॉक्टर ओरडले, "अहो काटेकाका, पंचेचाळीस किलोमीटर कुठे सांडलेत?" सगळे हसले. लेक दाराशी उभी होती. ती हसली नाही, निघूनही गेली नाही.

हसू ओसरेपर्यंत तो तसाच उभा राहिला. ऊन होतं, तहान लागली होती, नळाकडे गेलो होतो, हे सगळं खरं होतं, आणि तिथून सुरुवात करता आली असती. तो स्टुलावरून उतरला.

"गाडी कललेली मला दिसली होती," त्याने सांगायला सुरुवात केली.