संपातली रिकामी जागा

तळोद्याच्या बाजारात हस्तीमल शेठचं कापडाचं दुकान. रॅकमध्ये बोटभर जागा मोकळी दिसली तरी या माणसाला चैन पडत नाही. लगेच एखादा तागा कोंबणार. हीच खोड त्यांनी वरच्या माडीवर नेली आणि तिथं माती खाल्ली.

माडीवर सुनेनं, फाल्गुनीनं, खाऱ्या पाण्याची काचेची पेटी मांडली होती. आत मऊ प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे. पेटीखालच्या कपाटात आणखी एक टाकी, तिला ती संप म्हणायची. वरचं पाणी त्यात उतरायचं, गाळून निघायचं आणि पंपानं पुन्हा वर जायचं. संप अर्धाच भरलेला, शेठना ते बघवेना. सून माहेरी गेली तशी त्यांनी पिंपातलं तयार खारं पाणी ओतून तो काठोकाठ भरला. दुपारी लाईट गेली, पंप थांबला, वरचं पाणी खाली आलं, भरलेल्या संपात मावेना आणि माडीच्या फळ्यांच्या फटींतून थेट खालच्या दुकानातल्या लग्नाच्या शालूंवर!

चूक कुणाची हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी शेठ गुरगुरलेच, "आता एक थेंब जरी गळला तर पेटी विकून टाकायची."

माहेरहून परतलेली फाल्गुनी वाद घालत बसली नाही. तिनं नवा, मोठा संप आखून बसवला. पंप थांबल्यावर किती पाणी खाली येतं ते बादलीनं मोजलं, तेवढी जागा सोडून काचेवर लाल पट्टी चिकटवली. वर जाणाऱ्या नळीला, वरच्या पेटीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, बारीक भोक पाडलं. पंप थांबून पेटीतली पातळी उतरली की तिथून हवा शिरणार आणि उलटं येणारं पाणी तुटणार.

"पप्पाजी, पट्टीच्या वर भरायचं नाही," एवढंच बोलली.

झिपरूभाऊ मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला आले होते, तेव्हा लाईट गेली. शेठनी कात्री टाकली आणि जिना गाठला. मागोमाग झिपरूभाऊ. संपातलं पाणी पट्टी ओलांडून चढतच होतं. गेली पेटी, असं शेठच्या मनात आलं आणि त्यांना चक्क वाईट वाटलं. तेवढ्यात नळीत गुडगुड झाली. काठाच्या चार बोटं खाली पाणी थांबलं.

"एवढंच येतं, पप्पाजी," पेटीपाशी उभी असलेली फाल्गुनी म्हणाली.

शेठची छाती फुगली. लाईट आली, पाणी वर गेलं, संप पुन्हा अर्धा झाला.

झिपरूभाऊंनी विचारलं, "शेठ, खालनी टाकी अर्धी रिकामी काबर शे?"

"रिकामी नही भाऊ. वरना पाणीनी जागा शे ती. मन्ही सूननी राखेल शे," शेठ म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला तिथंच बसवून पहिल्यापासून सांगायला लागले.