शून्य रेटिंगची बोणी

इथले निम्मे अनुभव वाचून मी हसतो, हे आधीच सांगून टाकतो. अमावस्या, पांढरी साडी, उलटे पाय... आमच्या सुरतच्या गोडादऱ्यात एकेका खोलीत आठ-आठ कारागीर पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीवाले उठले की त्याच गोधडीवर रातपाळीवाले आडवे. तिथे भुताला टेकायला जागा कुठे होती? त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण ही एक गोष्ट मला कुठेच बसवता येत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आबा सुरतला पॉवरलूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. आई सकाळी चौकात भाजीची टोपली घेऊन बसायची. मी धाकटा, थोडंफार शिकलेला. माझा मोठा भाऊ अशोकदादा आबांच्याच कारखान्यात माग चालवायचा.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो — आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. दोन्ही टोकांना लोखंडी अणी. माग बिघडला की कधीकधी हा धोटा बाहेर उडतो, आणि मग समोर कोण आहे ते तो बघत नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात दादाच्या मागावरचा धोटा उडाला आणि शेजारून जाणाऱ्या आबांच्या कानशिलावर बसला. आबा वाचले, पण डावा कान कायमचा गेला.

आबांनी दादाला एका शब्दाने बोल लावला नाही. मला वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं. दादा त्या संध्याकाळी चपला घालून बाहेर गेला तो परत आलाच नाही. आईने नवागाम, लिंबायत, उधना सगळं पालथं घातलं. कारखान्यातल्या लोकांनी धुळ्या-नंदुरबारपर्यंत निरोप धाडले. काही पत्ता नाही. त्याच साली पुढे प्लेग आला आणि सगळं सुरत गाव सोडून पळालं. आम्हीही घराला कुलूप लावून उधन्याहून मिळेल त्या गाडीत शिरलो आणि गावाकडे गेलो. परत आल्यावर नव्याने शोधाशोध. शेवटी आई फक्त वाट पाहत राहिली.

आबा पुढे छातीच्या दुखण्याने गेले. जाईपर्यंत तो धोटा त्यांच्या उशाशी असायचा. का ठेवला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर आई म्हणाली, "या लाकडानं मन्हं घर फोडं. काढ ते घरातून." पण चुलीत घालायला तिचा हात धजेना, आणि माझाही.

मी तेव्हा जिग्नेशभाईच्या सायबर कॅफेत काम करायचो. नव्याण्णव साल. इंटरनेट लागलं की मोडेमचा तो किरकिरणारा आवाज यायचा आणि जिग्नेशभाई अगरबत्ती ओवाळायचा, खोटं नाही सांगत. त्यानेच मला परदेशी ऑक्शनची साईट दाखवली. तिकडचे लोक जुनी लाकडी शटल, म्हणजे असले धोटे, शोभेसाठी घेतात म्हणे. मी धोटा थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवून त्याचं चित्र काढलं, दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या — सुरतच्या मागावरचं जुनं शटल, बस एवढंच — आणि टाकला लिलावात. वस्तू घराबाहेर जाईल, आणि कुणीतरी ती जपेल. चुलीपेक्षा ते बरं.

बोली आली ती एकच. बोली लावणाऱ्याच्या नावापुढे कंसात शून्य. म्हणजे पहिलाच व्यवहार, आगापीछा काही नाही. जिग्नेशभाईने मान हलवली.

"झीरोवाळानो भरोसो नहीं करवानो, भाई. बिड कॅन्सल कर ने. आ बधा टाईमपास करे."

तो चुकीचं बोलत नव्हता. त्या साईटवरचे सगळे जुने विक्रेतेही हेच सांगायचे. घरी गेल्यावर मी आईला सहज म्हटलं, एकच गिऱ्हाईक आलंय, तेही नवखं, त्याला काढून टाकणार आहे. आई मेथी निवडत होती. तिने हात थांबवला.

"पहिलं गिऱ्हाईक परत धाडतस का रे कोनी? बोणी शे ती!"

तुम्हाला हसू येईल, पण चौकात जन्म काढलेल्या बाईला हे कोण समजावणार? तिच्या टोपलीचा नियम होता. दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोणी. ते गिऱ्हाईक घासाघीस करो, अर्ध्या भावात मागो, उधार मागो, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. आईने सगळा लिलाव टोपलीच्या हिशेबाने समजून घेतला होता, आणि मी तिचं ऐकलं. बोली राहू दिली.

लिलाव संपायच्या आधी त्या शून्यवाल्याचा मेसेज आला. वस्तूबद्दल प्रश्न विचारायची सोय होती, तिथून. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आमची घरची अहिराणी होती —

आबाना कान आते कसा शे?

आबांचा कान आता कसा आहे? मी साईटवर ना माझं नाव लिहिलं होतं, ना आबांचं, ना कानाचं. जिग्नेशभाईने विचारलं, काय झालं? मी पडद्याकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी भाजी विकून आई तशीच कॅफेत आली. लुगड्याची माती झटकत प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर बसली. मी मेसेज वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग हात लांब करून पडद्यावरच्या त्या ओळीवरून तळवा फिरवला, आम्ही शाळेत जाताना डोक्यावरून फिरवायची तसा.

"लिही," ती म्हणाली. "कान बरा शे. घर ये. माय वाट देखी ऱ्हायनी."

आबा गेले हे लिहू का, असं मी विचारणार होतो. तिच्या तोंडाकडे बघून विचारलं नाही. मी तिने सांगितलं तेच लिहिलं.

उत्तर आलं तेव्हा ती शेजारीच होती. पत्ता कामरेजचा — हायवेच्या मागे दोऱ्याला पीळ देण्याचा एक छोटा कारखाना, त्याच्या बाजूची खोली. नाव दादाचं. आणि खाली, पोस्टनी धाडी दे. तू येऊ नको. मीच येस.

मीच येतो.

कामरेज! सकाळी बसने गेलं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्यावर. मी उठलोच होतो. आईने माझं मनगट धरलं.

"त्याले शरम शे, बापू. तू त्याना दारात उभा ऱ्हायना ते तो पुन्हा पळी जाई. तो येस म्हने ना? दम धर."

पैसे कधी आले नाहीत आणि आम्ही मागितलेही नाहीत. आईने धोट्याला हळदकुंकू लावलं, जसं आम्ही दसऱ्याला हत्यारांना लावतो. आपल्या हिरव्या लुगड्याच्या पदराचा एक दोरा ओढून काढला आणि धोट्याच्या भोकातून ओवून गाठ मारली. मी जुन्या चादरीच्या कापडात तो शिवला आणि ते पार्सल रजिस्टर करून पोस्टात दिलं.

मग आम्ही वाट पाहिली. आई रोज विचारायची, काही आलं का कॉम्प्युटरवर? रोज माझं उत्तर तेच. एक दिवस तिचं विचारणं एकदम बंद झालं. मला वाटलं, बिचारीचा धीर सुटला. त्या विचारानेच मला हलवलं. एका रविवारी मी तिला म्हटलं, मी कामरेजला जाऊन येतो. ती चुलीपाशी गेली. भाकरी बांधून दिली.

भर दुपार होती. हायवेवरून ट्रक जात होते, मागे उसाचं रान. कारखाना सापडला, बाजूच्या खोल्याही सापडल्या. त्यांची मालकीण एक म्हाताऱ्या पटेल बा, खाटेवर तूर निवडत बसलेल्या. मी दादाचं नाव घेतलं. बांनी सूप खाली ठेवलं.

"तू एनो भाई छे?"

मी हो म्हटलं.

"ए तो गयो, दीकरा. पेला प्लेगना वरसमां."

प्लेगच्या वर्षी, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच! बा पुढे बोलत होत्या. त्यांनी सांगितलं ते असं — मुलगा शांत होता, कुठला आहे ते कुणाला सांगायचा नाही. प्लेगच्या बातमीने खोलीतले सगळे आपापल्या गावाला पळाले, हा राहिला. त्याला ताप आला. कोण म्हणे मलेरिया, कोण काय. तशा तापात एक दिवस तो उठून सुरतला गेला. आईकडे जातो म्हणाला. संध्याकाळी परत आला आणि इथेच ओट्यावर बसला.

"घरे ताळुं छे, बा — एम बोल्यो."

घराला कुलूप आहे, बा. एवढंच बोलला. पुढे दोन-चार दिवसांत तो गेला. बांनी आणि आजूबाजूच्यांनी मिळून सगळं केलं. कळवायचं कुणाला, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मला आमचं ते कुलूप आठवलं. मीच लावलं होतं. गाडी चुकेल म्हणून आबा ओरडत होते आणि मी दोनदा ओढून बघितलं होतं, नीट बसलंय ना.

थोड्या वेळाने मी पार्सलचं विचारलं. बा म्हणाल्या, पोस्टमन एक पार्सल घेऊन आला होता, त्याच नावाचं. मेलेल्या माणसाचं पार्सल मी कशाला घेऊ? दारातूनच परत पाठवलं. आमच्याकडे ते परत आलेलं नव्हतं.

"एनी पेटी छे," बा म्हणाल्या. त्याची पेटी होती. कुणीतरी येईल म्हणून त्यांनी इतकी वर्षं ठेवली होती, कोठीत, गोणपाटाखाली. पत्र्याची पेटी. कुलूप इतकं गंजलेलं की किल्लीचं भोकच बुजलेलं. वर बोटभर धूळ, कुणाचा हात लागल्याची खूण नाही. मी ती ओट्यावर उन्हात आणली आणि दगडाने कुलूप तोडलं.

आत दोन शर्ट, एक टॉवेल, कंगवा. आणि सगळ्यात वर धोटा.

मी स्वतःला समजवायचा प्रयत्न केला. माग दोन-दोन धोट्यांवर चालतो, जोडीतला दुसरा दादाने नेला असेल. पण त्यावरची हळद पिवळीधमक होती, बोटाला लागली. भोकात हिरवा दोरा होता, आईच्या पदराचा, आईच्या हातची गाठ. चादरीचं कापड मात्र कुठेच नव्हतं. बांनी ते पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि आत निघून गेल्या.

मी भित्रा नाही. पण तिथे भर उन्हात मला हुडहुडी भरली, आणि मग रडू आलं. भीतीचं नव्हतं ते रडू.

येताना पुलावर उतरलो आणि धोटा तापीत सोडला. घरी नेला असता तर आईला सगळं सांगावं लागलं असतं... आणि ते कुलूप मी तिला कसं सांगणार होतो? घरी येऊन म्हटलं, पार्सल पोचलं. दादा कामासाठी पुढे कुठेतरी गेलाय. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, जेवी ले.

पुढे आखाजी आली. आमच्या खान्देशी घरात अक्षय्यतृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, नैवेद्य दाखवतात. आबा गेल्यापासून आमच्याकडे एक घागर असायची. त्या वर्षी मी अंघोळ करून आलो तर पाटावर दोन घागरी होत्या. दुसरी जरा लहान.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"त्याले बी तीस लागस ना रे."

त्यालाही तहान लागते. मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, आई, तुला कुणी सांगितलं? ती घागरीच्या गळ्याला कुंकू लावत होती, हात थांबला नाही.

"तो उना व्हता. तू पार्सल टाकं ना, त्याना पुढला आठवडामा. सकाळनी बोणीले. पानी मांगं. मी तोंड नही देखं, शरमी जाई म्हनीसन. हात देखात." दादाच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं, लहानपणी दारात सापडून गेलं होतं. "तांब्या दिधा. सगळा पिना. पुन्हा दिधा, तो बी पिना. तरी त्यानी तीस गई नही. तवय मी समजनू."

म्हणजे दादा बोणीला येऊन गेला आणि तो आता या जगात नाही, हे मी कामरेजला निघालो तेव्हाच तिला ठाऊक होतं. आणि मी परत येऊन जे खोटं बोललो, तेही तिने ऐकून घेतलं.

मी नंतर पोस्टात चौकशी केली, पार्सल परत आल्याची नोंद नाही. तो शून्यवाला पुढे साईटवर दिसलाच नाही. जिग्नेशभाई अजूनही म्हणतो, कारखान्यातल्या कुणीतरी गंमत केली. असेल. कानाची गोष्ट तिथे सगळ्यांना माहीत होती. अहिराणी तर अख्ख्या गोडादऱ्याला येते. पण पेटीतली हळद त्याला समजावता येत नाही आणि मलाही नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन.

आईलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. आखाजीला मी तीन घागरी भरतो. आणि गावाला जायचं झालं तर घर बंद करत नाही. शेजारच्या वहिनींना बसवून जातो, दिवा लावायला सांगतो. वहिनी विचारतात, एवढं काय आहे हो तुमच्या घरात चोरायला?

काही नाही, मी म्हणतो. फक्त कुलूप दिसायला नको.