टेपच्या शेवटचं वाक्य

काका कुठल्याही वस्तूवर आधी बोटाच्या पेराने टकटक करत आणि उजवा कान तिच्याजवळ नेत. कलिंगड असो, माठ असो, नाहीतर आमचं नवं दार. मग निकाल देत. "जाऊ द्या गाडी," किंवा, "हे सिक आहे. कापा." सिक म्हणजे रेल्वेवाल्यांच्या भाषेत आजारी डबा, जो गाडीतून कापून बाजूच्या रुळावर उभा करतात. आमचं दार त्यांनी सिक ठरवलं होतं. पावसाळ्यात ते खरोखरच फुगून अडकलं, तेव्हा मला सुताराचा नाही, काकांचा राग आला.

गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकं ठोकत जाणारा माणूस तुमच्यापैकी जुन्या लोकांनी पाहिला असेल. काका तेच काम करत. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द बोलतं. मूळचे भुसावळचे, पण जयपूरलाच निवृत्त झाले आणि दुर्गापुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहिले. मी विमा कंपनीतला, बदलीवर आलेला. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे असूनही ते मला साहेब म्हणत, आणि त्या साहेबात थोडी थट्टा असायचीच.

काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मागे एक कॅसेट राहिली होती. फोन महाग होता त्या काळात काकू भुसावळच्या बहिणीला पत्र लिहीत नसत, कॅसेटवर बोलून पाठवत. ही एक पाठवायची राहून गेली. अर्धा तास पापड, लोणची, शेजारणींच्या कागाळ्या. शेवटाकडे क्वार्टरच्या मागून एक मालगाडी जाते. आणि अगदी शेवटी, मशीनपासून उठून स्वयंपाकघरात गेलेल्या काकू तिथूनच हाक मारतात, "बंद झालं का हो ते? हात धुवा, पानं वाढलीत."

"बाकी सगळं बहिणीसाठी," काका म्हणाले होते. "तेवढं एक वाक्य माझं."

एका हिवाळ्यात ते सकाळीच जिना चढून वर आले. "साहेब, ती पुसत चाललीय."

"कोण?"

"टेपवरची. मालगाडी धडधडत जाते, पण हिचा आवाज येत नाही. मतलब माझं मशीनच कमजोर. तुमच्या शौकीन लोकांत कुणाकडे भारी मशीन असेल ना?"

गाण्याच्या मशिनांचं वेड मला होतं हे खरं. कॅसेटचं यंत्र मात्र मी केव्हाच काढून टाकलं होतं. खाली जाऊन स्वतः ऐकून न बघताच मी त्यांना सांगितलं की पुढच्या आठवड्यात एका हॉटेलात मोठमोठ्या मशिनांचं प्रदर्शन आहे, चला माझ्याबरोबर. ही आशा मीच लावली. पुढचं सगळं त्यातून आलं.

हॉटेलच्या खोल्यांतले पलंग हलवून तिथे माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे केले होते. आमच्या शौकिनांच्या मंडळाने मला अभिप्रायांच्या वहीपाशी बसवलं होतं. लोक काय लिहीत होते म्हणता! एका जवाहिऱ्याने लिहिलं, "तबले की उँगलियाँ गिन लीं।" एका हलवायाने लिहिलं, "आवाज़ में एक तार की चाशनी है।" काका मात्र प्रत्येक स्पीकरच्या पेटीवर टकटक करत, कान लावत फिरत होते आणि मागून विक्रेते धावत होते. "बाबूजी, हाथ मत लगाइए."

गंमत तेवढीच. नंतर मी पाहिलं, ते कॅसेट तळहातावर धरून एकेका दारात उभे राहत होते. "भैया, बस आखिर के दो मिनट." कुणाकडेच कॅसेट लावायची सोय नव्हती. लोक हसून नाही म्हणत. ते पुढच्या दारात जात, तिथून परत पहिल्या दारात येत आणि तेच विचारत. चाळीस वर्षं मान ताठ ठेवून नोकरी केलेल्या माणसाला असं मागताना पाहणं मला जड गेलं.

शेवटच्या खोलीत दिल्लीच्या एका विक्रेत्याकडे जुनं कॅसेटचं यंत्र निघालं. मी त्याच्या हातापाया पडलो. खोलीत पंधराएक माणसं होती. काकांना पुढची खुर्ची दिली. मालगाडी आली आणि ती त्या भिंतीतून जातेय असं वाटलं. काकांचा चेहरा उजळला. "डबे रिकामे आहेत," ते म्हणाले.

मग काकूंनी हाक मारली. इतकी स्वच्छ, की मागे बसलेली एक बाई वळून दाराकडे बघायला लागली. काका कानामागे तळहात धरून वाटच बघत होते. टेप संपली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आली का हो?"

मालगाडीचा जाड आवाज पोचत होता, काकूंचा बारीक आवाज पोचत नव्हता. टेप धडधाकट होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि सांगवलं नाही. ज्याचं सगळं आयुष्य कानावर उभं, त्याला कान गेला म्हणून कसं सांगायचं? मी म्हणालो, "नाही काका. टेप झिजली."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "कान गेला असता तर गाडी कशी आली असती?" कॅसेट खिशात घालून ते माझ्या खांद्याचा आधार घेत उठले. त्याआधी त्यांनी कधी आधार घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते माझे आभार मानायला पुन्हा हॉटेलात आले आणि वेळ जावा म्हणून वही चाळत बसले. माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. आदल्या दिवशीच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, "सबसे अच्छी आवाज़ उन माताजी की, जिन्होंने खाने पर बुलाया। मैंने मुड़कर देखा।" त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "माताजी को सुनकर घर फ़ोन किया।"

काकांनी ते दोनदा वाचलं. पानावर पेराने टकटक केलं, कान मात्र खाली नेला नाही.

"साहेब, तडकलेलं चाक चांगलं म्हणून सोडलं तर पुढे माणसं मरतात."

मग पेन मागून घेऊन खाली मराठीत लिहिलं, "मशीन चांगलं आहे. ती आहे. कान सिक आहे."

डॉक्टरांनी कानात यंत्र बसवून पाहिलं. त्यात मालगाडी मोठी झाली, काकू आल्या नाहीत. मग मी काकांच्या मशीनपेक्षा दमदार असं एक जुनं कॅसेटचं यंत्र मिळवलं आणि आमचा रविवार सकाळचा नेम सुरू झाला. टेप लावायची, आणि काकूंचं वाक्य आलं की मी हात वर करायचा. पहिल्या रविवारी मी हात वर केला तसे काका उठले, मोरीत गेले, हात धुऊन पंच्याला पुसत परत आले आणि बसले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पुढे प्रत्येक रविवारी तसंच झालं.

दोन वर्षांनी बंगळुरूचा मुलगा त्यांना न्यायला आला. जयपुरात वाढलेला, मराठी अडखळत बोलणारा. मी त्याला टेपमधली ती जागा ऐकवली, हात केव्हा करायचा ते सांगितलं. "हो अंकल, मी करेल ना," तो म्हणाला. तो वाईट नव्हता. पण काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिथे हात कोण दाखवणार?"

दुर्गापुऱ्याच्या स्टेशनात गाडी दोनच मिनिटं थांबली. काका खिडकीशी बसले, बंद काचेच्या आत. बोलणं शक्य नव्हतं, आणि बोललो असतो तरी त्यांना काय ऐकू येणार होतं. गाडी हलली. निरोप द्यायचा म्हणून मी हात वर केला.

आत काका उठले. मुलाने त्यांचा हात धरला, काहीतरी विचारलं. तो सोडवून ते बेसिनच्या दिशेने चालू लागले.