काळ्या मातीवरच्या खोल्या

वणीत प्लॉट पाहाले गेलतो तवा मामाजींनी, म्हणजे माह्या सासऱ्यांनी, मूठभर काळी माती उचलली, चोळली अन् म्हणाले, "सोनं आहे सोनं! हाच घ्या." बाजूच्या लेआउटमधला मुरमाड प्लॉट स्वस्तात भेटत होता. त्याले आमी नाक मुरडलं. आमी मुकुटबनकडचे कापूसवाले. मुरमावर पैसा घालणं म्हणजे आमच्या घरात येडेपणा. इथं खोल्या बांधाच्या आहेत, कापूस लावाचा नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माह्याही नाही.

समोर आमचं घर, मागं भाड्याच्या तीन खोल्या. कोळशाच्या खाणीमुळं वणीत भाडेकरूंची ददात नाही. लोकायले वाटते, भाडं म्हणजे बसल्या जागी खाणं. अरे, कायचं बसल्या जागी! भाडेकरार करा, आधार कार्ड घ्या, पोलिसात कळवा, मोटर जळली तं धावा, नळावरचं भांडण सोडवा. अन् एवढं करून उन्हाळ्यात ती सोन्यासारखी माती सुकली, भेगाळली, अन् शेवटच्या खोलीचा कोपरा खचाले लागला. दाराजवळच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग पडली. सिमेंट भरलं का बाजूनं दुसरी फुटे. मी रोज सकाळी चहाच्या आधी तिथं जाऊन भेगेत बोट घालून पाही.

त्याच खोलीत कोळशाच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर राहे, अन् त्याची बाळंतीण बायको. लेकरू महिन्याचंही नव्हतं. बाकीच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. मी आमच्या यायले, म्हणजे माह्या नवऱ्याले, म्हटलं, "त्यायले आपल्या घरात आणू, मंग पाया उकरून पाहू."

"पाणी पडू दे. माती फुगली का भेग आपोआप बुजते," हे म्हणाले. वावरातल्या भेगा बुजतात तशा! मामाजींनीही मान हलवली. मले असा राग आला का काय सांगू.

अन् एका दुपारी ती बाळंतीण आतून ओरडली. दारच उघडेना. भिंत सरकून चौकट वाकली होती अन् दार त्यात गच्च बसलं होतं. तिचा नवरा ट्रक घेऊन चंद्रपूरकडं गेलता. आत लेकरू रडून राह्यलं अन् धपकन काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"ताई, वरून प्लास्टर पडून राह्यलं वो!"

"दारापासून दूर हो! मागच्या खिडकीकडं जा, लेकराले पदरात घे!" मी ओरडली.

यायनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली अन् दारावर घाव घातला. सारी भिंत हालली. मी यायचा हात धरला. "हात लावू नका त्या दाराले! भिंत पाडता काय तिच्या अंगावर?" मामाजी मागं उभे आहेत याचंही मले भान नव्हतं. मागची भिंत धड होती. हे धावत तिकडं गेले अन् खिडकीच्या लोखंडी जाळीले सब्बल लावली. जाळी निघता निघेना. निघाली तवा तिनं पहिले लेकरू माह्या हातात दिलं. डोक्याच्या जावळात सिमेंटची धूळ, रडून रडून तोंड लालबुंद. मंग ती उतरली.

घरात आणून पाणी पाजलं अन् मंग माह्या तोंडाचा पट्टा सुटला. "येडी आहे का वो तू? दार असं एकाएकी अडकते काय? पहिले सांगता नाही आलं?"

"चार-पाच रोजापासून अडकत होतं," ती खाली पाहून म्हणाली. "तेल लावून लावून उघडत होती मी. सांगितलं असतं तं तुमी खोली खाली कराले लावली असती, ताई. ओली बाळंतीण घेऊन माह्या माणसानं खोली कुठं शोधली असती?"

 मी तिले माह्या पलंगावर निजवलं अन् लेकराच्या जावळातली धूळ पुसत बसली. इतके दिवस मले वाटे, बिचारी त्या भिंतीले भेत असंन. ती तं मले भेत होती.