कापलेल्या दोन ओळी

ती घटना आठवली की अजूनही अंगात थकवा भरतो. निवृत्ती जवळ आली होती. नागपूरच्या दक्षिण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. पोरं पळवणारी टोळी शहरात आल्याची अफवा तेव्हा जोरात होती. कुणी भंगारवाल्याला अडवायचं, कुणी बहुरूप्याला. आमचे बीट मार्शल जायचे, त्या माणसाला गर्दीतून सोडवून आणायचे आणि ठाणे अंमलदार डायरीत नोंद घ्यायचा. टोळीचा पत्ता नव्हता. पण तिला शोधणारे गल्लोगल्ली होते.

एका संध्याकाळी ठाण्याचा फोन खणाणला. अंमलदार धावत आत आला. "सर, सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ एकाला धरलंय. पब्लिक लय मारून राहिली."

आम्ही पोहोचलो तेव्हा एक म्हातारा मातीत पडला होता. झोळी बाजूला, बिस्किटांचा चुरा सगळीकडे. थोड्या अंतरावर एका बाईने सात-आठ वर्षांच्या मुलीला घट्ट धरून ठेवलं होतं. मुलगी "आबाजी, आबाजी" म्हणून ओरडत होती.

"पाहा नं साहेब," ती बाई म्हणाली, "पोरगी त्याले आबाजी म्हणून राहिली. कशी भुरळ घातली जी त्यानं!"

मी मुलीसमोर खाली बसलो. तिचं नाव विचारलं, मग त्या म्हाताऱ्याचं. तिने नाव, आडनाव, गाव सगळं सांगितलं आणि आईचा मोबाइल नंबरही घडाघडा म्हणून दाखवला. बाईची पकड सैल झाली. मुलगी सुटून धावली. तो तिचा सख्खा आजोबा होता.

उमरेडचा विणकर. आयुष्य हातमागावर गेलं, त्यात एक पाय अधू झालेला. एसटीने लेकीकडे आला होता आणि नातीला शिकवणीतून घरी नेत होता. वाटेत नातीच्या मैत्रिणीला त्याने बिस्किट दिलं. एवढंच.

त्याला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल केलं आणि गुन्हा नोंदवला. आरोपी शोधायला त्रास पडला नाही. मारणाऱ्यांचे व्हिडिओ त्यांच्याच मित्रांनी काढले होते. सगळी साधी, कामधंद्याची पोरं. एकावरही आधीचा गुन्हा नव्हता. त्यातला एक औषधांच्या दुकानात नोकरीला होता. त्याला मी समोर बसवलं.

"काहून मारलं?"

"सर, मेसेज आला होता नं. सगळं जुळून राहिलं होतं."

त्याने तो मेसेज मला असा दाखवला, जणू तो वाचल्यावर मी त्याला लगेच घरी सोडणार होतो. मजकूर असा होता: सावधान! साठीपुढचा इसम, खांद्याला झोळी, झोळीत बिस्किटं, चालताना लंगडतो. बोलणं अत्यंत गोड. मुलं त्याला आबाजी म्हणतात, एवढी त्याची भुरळ. दिसताक्षणी ओळखावा.

"ते पोरगी आबाजी म्हणाली, तवा त आमची खात्रीच झाली," तो म्हणाला.

मेसेज इतक्या हातांतून फिरला होता की पहिला हात सापडेल असं सायबरवाल्यांना वाटत नव्हतं. धागा मिळाला तो आमच्याच एका महिला शिपायाकडून. तिच्या जावेला हाच मेसेज घटनेच्या बराच आधी आला होता, ब्लाउज शिवून देणाऱ्या एका बाईकडून. त्या बाईला ठाण्यात बोलावलं. ती घाबरून पदराचं टोक पिळत होती.

"मी नाही लिहिला साहेब. आमच्या गल्लीतल्या सरांचा होता. मी फक्त पुढे पाठवला."

"जसाच्या तसा?"

ती म्हणाली, "शेवटच्या दोन ओळी काढल्या. चहाचं, दुधाचं काहीतरी होतं. मी गल्लीत नवीनच आली, मले समजलं नाही, म्हणून काढून टाकलं. कामाचं तेवढं ठेवलं. माह्या घरी पण लहान लेकरू आहे जी."

तिच्याच गल्लीत सरांचं घर होतं. मराठीचे निवृत्त प्राध्यापक. दार उघडायला आले ते किंचित लंगडत. मागे खुंटीला झोळी. ओसरीवर शेजारची दोन पोरं बसली होती, "आबाजी, बिस्किट" म्हणून त्यांच्या मागे लागलेली. मला काही विचारायची गरजच उरली नाही.

"सर, हे तुम्ही स्वतःवरच लिहिलं?"

ते खुलले. "ओळखलंत! गल्लीत सगळ्यांनी ओळखलं, खूप हसले. लोक ज्याच्या-त्याच्यावर संशय घेत होते, म्हणून म्हटलं त्यांना आरसा दाखवावा. शेवटी लिहिलं होतं, सदर इसम मी स्वतः असून संध्याकाळी घरीच सापडेन. पकडायला येताना चहासाठी दूध आणावे." मग माझ्या मागे उभा असलेला शिपाई त्यांना दिसला. "का हो, काय झालं?"

मी सांगितलं. ते पायरीवर खाली बसले. मग म्हणाले, "माझं नाव लिहा. आरोपी म्हणून."

सरकारी वकिलांशी बोललो. सरांच्या लिहिण्यात कुणाला मार बसावा असा हेतू नव्हता, उलट संशय थांबावा असाच होता. त्यांचा आणि शिलाईवाल्या बाईचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला. मारणाऱ्या पोरांवर दोषारोपपत्र गेलं. खटला माझ्या निवृत्तीनंतरही रेंगाळतच राहिला.

सरांनी म्हाताऱ्याला भेटायचा हट्ट धरला. मी घेऊन गेलो. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं होतं. सरांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्याने चांगला कान पुढे करून ऐकून घेतलं.

"म्हणजे तो मार तुमचा होता का जी?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं मग. तुमच्याच्यानं सहन नसता झाला."

तो मनापासून बोलला की टोमणा मारला, मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्याचा चेहरा जराही बदलला नव्हता. विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

चौकशीच्या खोलीत माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं, हे मला पुरतं ठाऊक होतं. पण ऐकणाराही आपल्या भीतीला हवं तेवढंच ठेवतो आणि बाकीचं गाळतो, हे या प्रकरणाने शिकवलं. ती शिलाईवाली बाई काही वाईट नव्हती. तिच्या जागी मीही त्या दोन ओळी फालतू समजलो असतो.

पुढे ठाण्यातर्फे अफवांविरुद्ध सूचना काढायची ठरली. सर म्हणाले, मी लिहितो. त्यांनी चार सरळ वाक्यं लिहिली: टोळी नाही. अनोळखी माणसाला मारू नका. पोलिसांना कळवा. लहान मुलं सुरक्षित आहेत. ती त्यांनी आधी आपल्या गल्लीच्या ग्रुपवर टाकली. खाली हसणारे चेहरे आले. एकाने लिहिलं, सर, यावेळी भारीच टोला मारला.

सरांनी मला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. मी आमच्या सर्वांत रुक्ष हवालदाराला ध्वनिक्षेपक देऊन गाडीतून त्या गल्लीत पाठवलं, मागून स्वतःही गेलो. लोक गॅलऱ्यांत येऊन गंभीरपणे ऐकत होते. शिलाईवाल्या बाईने मशीन थांबवून खिडकीतून ऐकलं. सर आपल्या दारात उभे होते, मान खाली घालून. हवालदाराने त्यांची चारही वाक्यं एकही शब्द न गाळता वाचली आणि गाडी पुढच्या गल्लीत वळली.