सुहासची न वाचलेली चिठ्ठी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीपासून मी एरवी काय लपवते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

रत्नागिरीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करते. आंबा कॅनिंगचे कारखाने, मासळीची शीतगृहं — त्यांना लागणारी सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सरांनी, म्हणजे मालकांनी, ठरवलं की आता एजाइल पद्धतीने काम करायचं. मला आठवडाभर पुण्याला शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर ती पद्धत ऑफिसात रुजवायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. ती रुजली. इतकी रुजली, की मला आता कोल्हापूरला, पुण्याला भाषणं द्यायला बोलावतात. शेवटी कोणीतरी विचारतंच, यात सगळ्यात महत्त्वाचं काय? मी म्हणते, विश्वास. लोक मान डोलावतात, वहीत लिहून घेतात. घरी येताना आंबा घाटात मी दरवेळी गाडी थांबवून खाली उतरते. नवरा म्हणतो, वळणांमुळे.

पद्धत तशी सोपी आहे. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून पंधरा मिनिटांत सांगायचं — काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. भिंतीवर फळा, त्यावर तीन रकाने — करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक कामाचा एक कागद. काम पुढे गेलं की कागद पुढच्या रकान्यात जातो. आणि दर दोन आठवड्यांनी एक बैठक. तिथे प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठी लिहायची, काय चुकतंय ते. मी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या आणि मग सगळ्यांदेखत फाडून टाकायच्या. हा नियम मीच सांगितला होता. इथे लिहिलेलं या खोलीबाहेर जाणार नाही, कोणी लिहिलं ते कोणी विचारणार नाही. मी शब्द देते, असंही म्हटलं होतं — कशाला म्हटलं असेन?

हा शब्द सगळ्यात आधी खरा मानला तो सुहासने. सुहास रत्नागिरीजवळच्या पालीचा. मुंबईत चांगली नोकरी होती त्याची. आईची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा ती नोकरी सोडून तो घरी आला. आमच्याकडे टेस्टिंग करायचा, म्हणजे बाकीच्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचा. रोज सकाळी आईला आंघोळ घालून, पडवीत खुर्चीवर बसवून, मग मोटारसायकलने ऑफिसला. रस्त्याने स्टँडवर जाणाऱ्या प्रत्येकाला ती माउली पडवीतूनच हाका मारून चौकशी करायची म्हणे. तिचा दिवस असा जायचा. आमची नोकरी म्हणजे त्याच्यासाठी आईजवळ राहणं होतं. दुसरी अशी नोकरी रत्नागिरीत नव्हती. हे मला माहीत होतं. हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की माहीत नव्हतं.

आंब्याचा हंगाम तोंडावर आला होता. कॅनिंगच्या एका कारखान्यासाठी आम्ही एक प्रोग्रॅम करत होतो. कोणत्या बागायतदाराचा आंबा कुठल्या लॉटमध्ये गेला, ते त्यातून कळायला हवं होतं. सुहासला त्यात एक चूक सापडली. आपल्याकडे एका वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे-तिघे सहज असतात. प्रोग्रॅम त्या सगळ्यांना एकच माणूस समजत होता. एकाचा आंबा दुसऱ्याच्या नावावर. पुण्यात बसून कोणाला हे सुचलं नसतं, पण आम्हाला सुचायला हवं होतं. सुहासने कागद 'झालं'मधून काढून 'चालू आहे'मध्ये लावला. कारखान्याची माणसं डेमो बघायला येणार होती — मी तो परत 'झालं'मध्ये लावला. त्याने पुन्हा काढला. मी पुन्हा लावला. असे आधी दोन कागद, मग चार. फळा छान दिसत होता.

त्या पंधरवड्याच्या बैठकीला सर पहिल्यांदाच येऊन बसले. मी चिठ्ठ्या वाचत होते. चहात आलं घाला. बैठका लांबतात. सगळे हसत होते. मग एक चिठ्ठी उघडली — वर रेघ ओढलेलं, शाळेतल्यासारखं टापटीप अक्षर. आठ माणसांच्या टीममध्ये अक्षर ओळखायला कितीसा वेळ लागतो? लिहिलं होतं, 'काम झालेलं नसताना कागद झालंमध्ये जातो. कोण लावतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हंगामात बागायतदारांची भांडणं लागतील.' मी ती घडी करून ओढणीखाली मुठीत धरली आणि पुढची वाचली. सुहासने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

बैठक संपल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, एक राहिली ना? फाडली म्हणता आलं असतं. मी टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, आणि कोणाची आहे हे विचारलंसुद्धा नाही. मीच म्हणाले, "सुहासची आहे, सर. त्याला ही नवी पद्धत झेपत नाही. बाकीच्यांनाही मागे ओढतो." — न विचारता. कोणी माझा हात पिरगाळत नव्हतं.

महिन्याभरात सुहासला राजीनामा द्यायला सांगितलं. टीम लहान करतोय, असं कारण दिलं. ती चूक हंगामाआधी गुपचूप दुरुस्त झाली, त्यानेच काढून ठेवलेल्या टिपणांवरून. शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "ताई, तुमी ती चिठ्ठी वाचलीत नाय, बरा केलात. सर समोर होते. माज्यासाठीच लपवलीत ना?"

मी म्हटलं, "हो रे."

इथे थांबले तर तुम्ही म्हणाल, बरं, वाईट केलंस, पण असं ऑफिसांत चालतं. मीही स्वतःला हेच सांगत आले. खरं म्हणजे मी इथेच थांबणार होते. पण जे सांगायला बसले ते हे नव्हे.

सुहास आईला घेऊन मुंबईला गेला. चौथ्या मजल्यावर एक खोली. दीड वर्षाने त्याचा फोन आला. मी गाडी काढत होते. म्हणाला, "ताई, आयशीला हितं करमत नाय. दिवसभर भिंतीकडं तोंड करून असते. जेवत नाय. तिकडं काय जागा असली तर सांगा. पगार कमी चालंल. तुमच्याशिवाय कोणाला विचारू?"

जागा होती. टेस्टिंगचीच. तीन महिने जाहिरात चालू होती, धड माणूस मिळत नव्हता. एव्हाना माणसं घ्यायचं काम सरांनी माझ्यावरच सोपवलं होतं, कोणाला विचारायचीही गरज नव्हती. मी 'ये' म्हटलं असतं तर तो पुढच्या सोमवारी हजर झाला असता. पण तो आला असता, चहाला बसला असता, सर कधीतरी बोलून गेले असते. माझं 'हो रे' खोटं होतं हे त्याला कळलं असतं. तेवढ्यासाठी — खरंच तेवढ्यासाठीच — मी म्हटलं, "सध्या काही नाही रे. निघाली की पहिला फोन तुला."

तो म्हणाला, "चालंल, ताई. तुमी असाल तर काळजी नाय."

त्यानंतर सात महिन्यांनी त्याची आई गेली. त्याच खोलीत. जागा निघाल्याचा फोन मी केला नव्हता. मुंबईत तिला हाक मारायला कोणी नव्हतं, एवढंच सुहासने मला फोनवर सांगितलं, आणि तेराव्याला पालीला या म्हणाला.

मी गेले. न जाणं चमत्कारिक दिसलं असतं. अंगणात मांडव होता, पाहुणे बसले होते. सुहासने मला हाताला धरून त्याच्या मामांकडे नेलं. म्हणाला, "मामा, ह्या आमच्या ताई. आयशीला हितं परत आणावी म्हणून लय प्रयत्न केला ह्यांनी. जागाच नव्हती, त्याला त्या तरी काय करणार." म्हाताऱ्याने मला दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

मग पानं मांडली. सुहासने मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढायला आला. आईला आवडायची म्हणून काळ्या वाटाण्यांची आमटी मुद्दाम केली होती. तो आग्रह करत होता, आणि मला भूक लागली होती. मी दोनदा मागून घेतली.